थंडी पडण्यापूर्वीच नळ सांभाळा
अमेरिकेतील मोबाइल होम आणि प्लंबरचा हंगाम

मिरगापूर्वी कौले चाळून घ्यावीत, हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढण्याची पाळी आली तर कारागीर मिळत नाही, मिळाला तर दाम दुप्पट सांगतो आणि तोवर घरातले धान्य भिजलेले असते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हाच न्याय पाण्याच्या नळांना लागू पडतो. तेथे पावसाच्या जागी गोठवणारी थंडी असते आणि मिरगाच्या जागी ऑक्टोबर महिना. या थंडीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांना. आपल्या वाचकांपैकी काहींचे नातेवाईक तिकडे आहेत, काहीजण येथेच नळकामाचा धंदा करतात. दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

घर आपले, जमीन भाड्याची

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार होऊन ट्रकने ओढत आणलेले घर. खाली लोखंडी सांगाडा असतो आणि तो सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेला असतो. १५ जून १९७६ पासून अशा घरांच्या बांधणीसाठी केंद्र सरकारचे नियम लागू झाले. त्या नियमांनुसार बांधलेल्या घरांना कायद्याने 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले आहे. सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत राहतात. त्यांत मजूर, पेन्शनर आणि बेताच्या मिळकतीची कुटुंबे पुष्कळ. अनेकदा घर स्वतःचे आणि जमीन भाड्याची असते. अशा ठिकाणी जमिनीतील नळापर्यंतची जबाबदारी साधारणतः जागामालकाची आणि तेथून वर घरापर्यंतची राहणाऱ्याची असते. नेमका हाच तुकडा सर्वांत आधी गोठतो. म्हणून करारपत्रात काय लिहिले आहे ते थंडीपूर्वी वाचून ठेवावे.

नळ फुटतो का?

पक्क्या घराचा नळ जमिनीत खोल असतो. मिनेसोटा राज्यात जमीन इतकी खोल गोठते की बांधकामाच्या नियमानुसार पाया दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल घ्यावा लागतो. मोबाइल होमला पाणी त्या खोलीतून वर येते आणि मग घराखालच्या मोकळ्या जागेतून तक्तपोशीत शिरते. हा टप्पा हवेत उघडा असतो.

पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. पण नळ फुटतो तो बहुधा बर्फाच्या जागी नव्हे. बर्फाचा बूच बसला की तो बूच आणि घरातली बंद तोटी यांच्यामध्ये पाणी अडकते, त्याचा दाब वाढत जातो आणि जेथे नळ कमजोर असेल तेथे तो चिरतो. इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासात असे दिसले की बाहेरचे तापमान उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की वेष्टण नसलेल्या नळांना धोका सुरू होतो. त्यातून फटीतून वारा थेट नळावर येत असेल तर काम आणखी बिघडते.

फुटल्याचे कळते ते बर्फ वितळल्यावर. जुन्या मोबाइल होमची जमीन पुष्कळदा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असते. ती भिजून फुगली की पुन्हा जागेवर बसत नाही. एका नळापायी सगळी तक्तपोशी बदलावी लागते.

ऑक्टोबरात करावयाची कामे

१. घराच्या पोटाला खालून जे जाड वेष्टण असते त्याची तपासणी करावी. उंदीर, मांजरे ते फाडतात. कधी मागच्या दुरुस्तीत कुणी कापून तसेच सोडलेले असते. आतली लोकर जागेवर बसवून भोक बंद करावे.

२. घराभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे स्कर्टिंग पाहावे. सुटलेले तुकडे बसवावेत, फटी बुजवाव्यात. मात्र एक सावधगिरी हवी. काही घरांतील गॅसची भट्टी जळण्यासाठी लागणारी हवा घराखालून ओढते. तो मार्ग कधीही बंद करू नये.

३. जमिनीतून वर येणाऱ्या नळाला हीट टेप लावावी. ही विजेवर तापणारी पट्टी असून थंडी वाढली की ती आपोआप सुरू होते. मोबाइल होमसाठी मंजूर असलेलीच घ्यावी. साधी पट्टी स्वतःवरच गुंडाळली तर तापून आग लागते. जुनी, तडकलेली पट्टी काढून टाकावी. वरून फोम चढवायचा तो कारखान्याची सूचना वाचूनच.

४. बागेची रबरी नळी काढून ठेवावी, बाहेरच्या तोटीतले पाणी निथळू द्यावे.

५. मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवावे आणि तो फिरतो की नाही ते पाहावे. गंजून बसलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी दगा देतो.

कडक थंडीच्या रात्री मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत आणि लांबच्या तोटीतून पाण्याची बारीक धार चालू ठेवावी. त्यामुळे अडकलेला दाब मोकळा होतो. घर बंद ठेवून गावाला जायचे असेल तर भट्टी बंद करू नये, १३ अंशांच्या खाली उष्णता जाऊ देऊ नये. नाहीतर सगळे पाणी काढून टाकावे. घर न तापवता सोडले असेल तर विमा कंपन्या सहसा भरपाई नाकारतात.

नळ गोठलाच तर तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूने सुरुवात करून, केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू ऊब द्यावी. पेटता दिवा किंवा गॅसची ज्योत नळाला लावू नये. अशाने घरे जळाली आहेत.

विजेवर विसंबू नका

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ आले. पंचेचाळीस लाख घरे व दुकाने अंधारात गेली आणि असंख्य घरांतले नळ फुटले. वीज गेली की हीट टेप ही नुसती दोरी होते. म्हणून पहिला भरवसा फटी बुजवण्यावर आणि वेष्टणावर ठेवावा, विजेवर दुसरा. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी घरे थंडीला तोंड देण्याजोगी करून देणारी एक केंद्रीय योजना १९७६ पासून आहे आणि तीत मोबाइल होमही बसतात. अर्ज आपल्या राज्याच्या कार्यालयात करावा लागतो.

कारागिरांसाठी दोन शब्द

जानेवारीत फुटलेला नळ जोडणाऱ्याला मजुरी जास्त मिळते, हे खरे. पण संकटात सापडलेल्या माणसाकडून घेतलेला पैसा पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आणून देत नाही. ऑक्टोबरात घराखाली सरपटत जाऊन, फाटलेले वेष्टण दाखवून, वाजवी दामात ते शिवून देणारा प्लंबर त्या वस्तीचा कायमचा माणूस होतो. शिवाय त्याचे काम दिवसाउजेडी आणि कोरड्या जमिनीवर होते.

आपल्याकडेही शाकारणीचा कारागीर गावात मान मिळवतो तो मेमध्ये केलेल्या कामावर. नळकामाच्या धंद्यात पडणाऱ्या आपल्या तरुणांनी, ते कोठेही असोत, हंगामाआधीचे काम मागायला शिकावे. गिऱ्हाइकाचे नुकसान टळते आणि धंद्याला बरकत येते.