विश्लेषण : डीमार्टच्या हजार रुपयांच्या बिलातून समाजाच्या वाट्याला किती येतात?

महिन्याच्या पहिल्या रविवारी डीमार्टमध्ये रिकामी ट्रॉली मिळणे हेच मोठे काम असते. पगार नुकताच झालेला, यादी हातात आणि बिलाची रांग थेट डाळ-तांदळाच्या रॅकपर्यंत. या रांगेतून गोळा होणारा पैसा पुढे कुठे जातो? त्यातला किती नव्या दालनांत आणि किती समाजासाठी?

नफा नेमका किती?

डीमार्ट चालवणाऱ्या ‘अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स’ने २०२४-२५ मध्ये ५९,३५८ कोटी रुपयांची एकत्रित उलाढाल केली. निव्वळ नफा होता २,७०७ कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे जेमतेम साडेचार रुपये. आकडा मोठा दिसतो तो विक्रीच्या आकारामुळे.

सगळा पैसा दालनांतच का?

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले दालन सुरू केले. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि २९९ रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ६०४ रुपयांवर उघडला. भागविक्रीतून उभारलेल्या १,८७० कोटींपैकी बराच पैसा कर्जफेड आणि नव्या दालनांसाठी होता. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून आणखी ४,०९८ कोटी आले. मार्च २०१७ अखेर १३१ असलेली दालने मार्च २०२५ अखेर ४१५ झाली. त्यातली ५० शेवटच्या एका वर्षातली.

या वाढीमागचे गणित इतरांपेक्षा वेगळे आहे. बहुतेक साखळ्या मॉलमध्ये भाड्याने जागा घेतात; डीमार्ट शक्यतो जागा विकत घेते, नाहीतर दीर्घ मुदतीच्या कराराने. सुरुवातीला भांडवल जास्त अडकते, पण दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याचा ताप नसतो आणि तेवढी किंमत कमी ठेवता येते. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून माल स्वस्तात उचलायचा, हा दुसरा भाग. वाण्याच्या दुकानातली उधारीची वही इथे उलटी चालते, असे म्हणायला हरकत नाही. जागा घेण्यासाठी पैसा लागतो, म्हणून नफा घरातच राहतो. शेअर बाजारात आल्यापासून २०२४-२५ पर्यंत कंपनीने भागधारकांना लाभांश दिलेला नाही.

मग समाजासाठी किती?

इथे मर्जीचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. नफा करपूर्व धरला जातो. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च किंवा राजकीय देणगी यात चालत नाही.

‘मागील तीन वर्षांची सरासरी’ हे शब्द महत्त्वाचे. समजा एखाद्या कंपनीचा नफा तीन वर्षांत १,०००, १,५०० आणि २,००० कोटी झाला. सरासरी १,५०० कोटी, म्हणून खर्च ३० कोटी. पण चौथ्या वर्षी नफा २,५०० कोटींवर गेला असेल, तर हे ३० कोटी त्या वर्षाच्या नफ्याच्या १.२ टक्केच भरतात. कंपनी जितकी वेगाने वाढते, तितका हा वाटा मागे रेंगाळतो. डीमार्टच्या बाबतीत ढोबळ हिशेब केला तर हजार रुपयांच्या बिलामागे साधारण एक रुपया निघतो.

हा रुपया बऱ्याच अंशी शाळांत जातो. मुंबई आणि परिसरातील महापालिका शाळांमध्ये कंपनी संगणक कक्ष, वाचनालये आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवते. कायदाही कंपनी जिथे व्यवसाय करते त्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो.

दमाणींचे दान यात धरले जाते का?

नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनासाठी पीएम केअर्सला १०० कोटी आणि राज्यांच्या निधींना ५५ कोटी दिले गेले, ते दमाणींच्या ‘ब्राइट स्टार इन्व्हेस्टमेंट्स’मधून. समाजमाध्यमांवर दोन्ही आकडे सर्रास एकत्र फिरतात. प्रत्यक्षात प्रवर्तकाचा खिसा वेगळा आणि सूचिबद्ध कंपनीचा वेगळा.

आता अडचण काय?

२०२४-२५ मध्ये उलाढाल सुमारे १७ टक्के वाढली, नफा मात्र ७ टक्क्यांहूनही कमी. दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या अ‍ॅपच्या धामधुमीत, मोठ्या शहरांतील दालनांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसत असल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्येच मान्य केले होते. ही मंदावलेली वाढ सामाजिक खर्चाच्या सरासरीत उशिरानेच उमटेल, कारण २०२५-२६ चा हिशेब २०२२-२३ पासूनच्या तीन वर्षांवर बेततो. कोणत्या कामावर किती रक्कम गेली, याचा तक्ता कंपनीच्या वार्षिक अहवालात जोडलेला असतो.