जालन्याहून गेलेलं मनोरुग्णालय

मराठवाड्याच्या जुन्या मनोरुग्णालयाचा माग काढत गेलं, की वाट थेट हैदराबादला पोचते. तिथल्या एर्रागड्डा भागातलं सरकारी मनोरुग्णालय आज तेलंगणात नावाजलेलं आहे. पण निजामाच्या काळात हे रुग्णालय होतं जालन्यात. १९५३ साली ते हैदराबादला हलवलं गेलं.

तेव्हा राज्य एकच होतं. नांदेडच्या माणसाला हैदराबाद परकं नव्हतं. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि रुग्णालय आंध्र प्रदेशात राहिलं.

महाराष्ट्राच्या वाट्याला चार मोठी मनोरुग्णालयं आली. येरवड्याच्या मंजूर खाटा २५४०, ठाण्याच्या १८५०, नागपूरच्या ९४० आणि रत्नागिरीच्या ३६५. यातली एकही खाट मराठवाड्यात नाही.

उद्‌गीर किंवा किनवटच्या शेतकरी कुटुंबासाठी याचा अर्थ सरळ आहे. घरातलं माणूस रात्र रात्र झोपत नाही, अंगावर धावून येतं, तेव्हा त्याला गाडीत घालून पुण्याला न्यायचं. नांदेडहून पुणे सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे. सोबतच्या दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं उसनं घ्यावं लागतं. पुढच्या महिन्यात औषध आणायला पुन्हा तोच रस्ता. दोन-तीन फेऱ्या होतात, मग औषध तुटतं आणि आजार उलटतो.

रुग्ण बरा झाला, तरी गाठ सुटत नाही. अशा वेळी मनोरुग्णालयातला सर्वांत मोलाचा माणूस ठरतो समाजसेवा अधीक्षक. त्याच्या हातात ना गोळी, ना इंजेक्शन. घरच्यांनी दिलेला पत्ता अपुरा असला, भावकीने जमीन वाटून घेतलेली असली, आईवडील वारलेले असले, तरी रुग्णाला त्याचं गाव मिळवून द्यायचं, हे त्याचं काम. रुग्णाच्या तोंडून आलेलं बाजाराचं गाव, जत्रेचा देव, बोलण्यातली ढब, अशा धाग्यांवरून तो तालुका काढतो, पोलीस ठाण्याला आणि सरपंचाला फोन लावतो. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना याच चिकाटीने घरी पोचवलं. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दाखल करायला एक दिवस पुरतो. परत पाठवायला कधी कधी वर्षं लागतात. रुग्णालय जितकं लांब, तितकं हे काम अवघड.

राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना राज्य सरकारने जालन्यातच ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केलं. मराठवाड्याचं हे जुनं देणं होतं. तरीही काळजी उरते. नांदेडहून जालनाही दोनशे किलोमीटरच्या पुढेच आहे आणि खाटा वाढल्या म्हणून मनोविकारतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक आपोआप मिळत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केला होता. तेव्हा प्रश्न गावोगावचा होता, आजही तो गावोगावचाच आहे. दुष्काळ, कर्ज आणि आत्महत्या झालेल्या घरांतलं दुःख भिंतींच्या आत नेऊन बरं होणारं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही तेच सांगतो: उपचार घराजवळ मिळाला पाहिजे, आणि केवळ घरच्यांनी नाकारलं किंवा घर नाही म्हणून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही.

म्हणून मागणी इमारतीपाशी थांबू नये. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ बसला पाहिजे आणि महिनाभराचं औषध तिथेच मिळालं पाहिजे. ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, आमदारांच्या दारात हा विषय लोकांनीच लावून धरावा. घरात कुणी अस्वस्थ असेल, तर तोवर थांबू नका. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.