टप्प!

रविवारची सकाळ. रूममेट अजून ब्लँकेटमध्ये गुडूप, आणि मी? लंडनच्या कडेला, सर्बिटनला थेम्सच्या काठावर, घट्ट वेटसूट घालून कुडकुडत उभी! मूळची पुण्याची, नोकरी आयटीतली. लहानपणी पाण्याशी संबंध आला तो टिळक टँकपुरता. आता मात्र रविवार आला की पावलं आपोआप क्लबकडे वळतात.

सेलिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळा समुद्र, पांढरीशुभ्र यॉट, हातात शॅम्पेन? विसरा! आमची डिंगी जेमतेम चार मीटरची. नाव एंटरप्राइज. 1956 मध्ये जॅक होल्टनं डिझाइन केलेली, आकाशी शिडांची, दोघांनी मिळून चालवायची. 1982 च्या एशियाडमध्ये मुंबईच्या समुद्रात याच बोटींच्या शर्यती झाल्या होत्या, हे कळल्यापासून ती मला एकदम माहेरची वाटते.

आणि आमचा समुद्र? एका काठाला घरं आणि झाडं, दुसऱ्या काठाला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचं होम पार्क, मधे चिंचोळी नदी. इथला थेम्स सेलिंग क्लब तर 1870 चा. म्हणजे दीडशे वर्षं लोक इथे वाऱ्याला शिव्या घालताहेत!

वारा आला, वारा गेला

शिव्या का, ते सांगते. समुद्रावर वारा सरळ येतो. नदीवर तो आधी झाडांना आपटतो, घरांच्या फटींतून घुसतो आणि मग कुठूनही उगवतो. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं. वारा थोडा नाकासमोर आला की लगेच दिशा बदलायची, म्हणजे टॅक मारायचा. वारा फिरला आणि तुम्ही झोपलेले राहिलात, की शेजारचा बघता बघता पुढे. त्यात प्रवाहाविरुद्ध जायचं असेल तर काठाला चिकटावं, कारण तिथे पाणी संथ. पण काठाला झाडांमुळे वाराच नाही! घ्या, निवडा.

बोट माझ्या जोडीदाराची. साठी केव्हाच ओलांडलेले, निवृत्त पोस्टमन. इथे सगळे एकमेकांना नावानंच हाका मारतात, पण माझ्या मनात ते काकाच. दोन सीझन मी पुढे बसून छोटं शीड, म्हणजे जिब सांभाळली. ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी बोट पाण्यात ढकलताना ते एवढंच म्हणाले, ''आज मागे तू बस.'' म्हणजे सुकाणू माझ्या हातात!

खरं सांगू? मला तो दिवस जिंकायचाच होता. शुक्रवारी ऑफिसात माझं तीन महिन्यांचं काम दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनमध्ये, दुसऱ्याच्या नावावर बघितलं होतं. दोन रात्री नुसती धुमसत होते. पहिली नको, तिसरी तरी येऊ दे. तिसऱ्या नंबरला क्लबचा मग मिळतो.

पाच मिनिटांचा भोंगा, चार, एक... आणि सुटलो! पहिल्या फेरीत आम्ही शेवटून दुसरे. मग काका पुटपुटायला लागले, ''पार्कच्या बाजूला बघ. पानं हलताहेत.'' पानं हलली की मोजून तीन सेकंदांनी झोत यायचा. आम्ही टॅक, टॅक, टॅक करत एकेकाला गाठत गेलो. शेवटच्या फेरीत वरच्या बोयापाशी पोचलो तेव्हा पुढे फक्त दोन बोटी. तिसरे!

आणि वारा पडला. पार मेला.

बोट अर्धी वळलेली, आणि प्रवाह तिला हलकेच मागे, बोयाकडे ढकलतोय. मी सुकाणू हलवते, श्वास रोखते... टप्प. मागचा कोपरा बोयाला लागला. अगदी निसटता.

कुणी पाहिलं?

कुणीच नाही. मागच्या बोटी झाडांच्या सावलीत अडकलेल्या, भोंगेवाला पार खाली क्लबपाशी. काका पुढे तोंड करून जिबशी झटापट करत होते. या खेळात शिट्टी वाजवणारा रेफ्री मैदानात नसतो. बोयाला स्पर्श झाला तर आपणच एक पूर्ण गिरकी घ्यायची, हीच शिक्षा.

डोक्यात वकील सुरू झाला. वारा पडला ही माझी चूक का? आणि शुक्रवारी कुणी घेतली होती गिरकी? पाच सेकंद गेले असतील. फार लांब वाटले.

''लागला,'' मी म्हणाले.

''मग फिरव,'' काका म्हणाले. मागे न बघता.

वारा नसताना गिरकी म्हणजे चिखलातून गाडी वळवणं. तेवढ्यात मागच्या दोघांना कुठूनशी झुळूक मिळाली आणि ते भुर्रकन पुढे. आम्ही पाचवे.

इथे वेगवेगळ्या जातीच्या बोटी एकत्र धावतात, म्हणून प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो. लागलेल्या वेळेला त्यानं भागलं की खरा निकाल. तसा हिशेब झाल्यावर आम्ही चौथे. मग हुकला तेरा सेकंदांनी. गिरकीला त्याहून कितीतरी जास्त लागले होते.

संध्याकाळी शिडं गुंडाळताना काका सहज म्हणाले, ''टप्प झालं ते मीही ऐकलं होतं.''

मी बघतच राहिले. ''मग बोलला का नाहीत?''

''सुकाणू तुझ्याकडे होतं ना.''

त्यांनी बोटीवर कव्हर ओढलं, दोरीची गाठ मारली आणि कोटाची चेन लावत म्हणाले, ''पुढच्या रविवारी साडेदहाला. मागे तूच.''