परदेशी जाणारी तबकडी : पॅल, एनटीएससी आणि काही गैरसमज

अर्नाळ्याच्या एखाद्या घरातील लग्नाची डीव्हीडी कुवेतमधील थोरल्या मुलाकडे आणि टोरंटोतील धाकट्या मुलीकडे रवाना होते. थोरल्याकडे हळदीपासून वरातीपर्यंतचा सारा सोहळा सुरळीत दिसतो, आणि धाकटीच्या पडद्यावर मात्र एकसारखी वर सरकणारी, रंग गेलेली चित्रे दिसतात किंवा तबकडी चालत नसल्याचा शेरा तेवढा उमटतो. असे झाले, की शूटिंगवाल्यापासून जकात खात्यापर्यंत सर्वांवर ठपका ठेवला जातो. वास्तविक चित्राचे मोजमाप, रंग वाहून नेण्याची रीत आणि विक्रीची प्रदेशबंदी या तीन स्वतंत्र बाबींची एकच मोट बांधल्यामुळे हा घोटाळा होतो. त्या अलग केल्या, की बहुतेक समजुती आपोआप गळून पडतात.

गैरसमज : पॅल आणि एनटीएससी हा केवळ रंगांचा भेद आहे.

वस्तुस्थिती : या भेदाचे मूळ रंगात नसून विजेच्या प्रवाहात आहे. अमेरिकेत विजेची आवर्तने सेकंदाला ६०, युरोपात आणि आपल्याकडे ५०. आरंभीच्या दूरचित्रवाणीने आपली गती त्या आवर्तनांशी जुळवून घेतली, म्हणून तिकडे ५२५ रेषा व सेकंदाला ३० चित्रे, तर इकडे ६२५ रेषा व २५ चित्रे असा परिपाठ पडला. अमेरिकेने १९५३ च्या डिसेंबरात रंगीत प्रक्षेपणाच्या एनटीएससी पद्धतीवर शिक्कामोर्तब केले, तेव्हा रंगाची आणि ध्वनीची लहर एकमेकींत मिसळू नये म्हणून ३० चा आकडा किंचित उतरवून २९.९७ करण्यात आला. पुढे जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी एकाआड एक रेषेत रंगसंकेताचा एक घटक उलटा करून रंगांतील चूक परस्पर खोडून काढण्याची युक्ती योजली, तीच पॅल. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले ते कृष्णधवल चित्रांनिशी. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले आणि आपण पॅलचा अंगीकार केला.

डीव्हीडीवर मात्र यांपैकी कोणतीही रंगलहर नोंदलेली नसते. तेथे असतात केवळ आकडे. तबकडीवर ‘पॅल’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ ७२० बाय ५७६ बिंदूंची २५ चित्रे, आणि ‘एनटीएससी’ लिहिले असेल तर ७२० बाय ४८० बिंदूंची २९.९७ चित्रे, एवढाच समजावा.

गैरसमज : प्रदेशबंदी उठवली, की तबकडी चालते.

वस्तुस्थिती : प्रदेशाचा क्रमांक हे चित्रपटव्यवसायाने विक्रीच्या सोयीसाठी घातलेले कुलूप आहे, भारत पाचव्या प्रदेशात, तर अमेरिका आणि कॅनडा पहिल्यात. ब्रिटन आणि जपान हे दोन्ही देश दुसऱ्या प्रदेशात असूनही ब्रिटनची तबकडी पॅल आणि जपानची एनटीएससी असते, यावरून या दोन बाबींचा परस्परांशी संबंध नाही हे उघड व्हावे. घरगुती समारंभाच्या तबकडीवर असली बंदी मुळात नसतेच. तेव्हा ती उठवण्याची खटपट व्यर्थ होय.

गैरसमज : परदेश म्हणजे एनटीएससी.

वस्तुस्थिती : आखाती मुलूख, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे तबकड्यांसाठी आपल्यासारखीच पॅल पद्धत रूढ आहे, अमेरिका, कॅनडा, जपान आणि दक्षिण कोरिया येथे एनटीएससी. फ्रान्सची रंगपद्धती सेकाम या नावाची होती, तथापि रेषा ६२५ आणि चित्रे २५ हीच असल्यामुळे तेथेही आपल्या मोजमापाची तबकडी चालते.

गैरसमज : पॅलच्या रेषा अधिक, म्हणून तीच पद्धत सरस.

वस्तुस्थिती : ५७६ ला ७२० ने आणि २५ ने गुणले काय किंवा ४८० ला ७२० ने आणि ३० ने गुणले काय, गुणाकार एकच येतो : सेकंदाला १ कोटी ३ लाख ६८ हजार बिंदू. एका पद्धतीने तपशील अधिक घेतला, दुसरीने गती अधिक घेतली. ऐवज जवळपास तेवढाच.

गैरसमज : संगणकात एक पर्याय निवडला, की रूपांतर निर्दोष होते.

वस्तुस्थिती : रूपांतरात ५७६ रेषांच्या ४८० कराव्या लागतात आणि दर सेकंदाला जवळजवळ पाच नवी चित्रे निर्माण करावी लागतात. जुनीच चित्रे पुन्हा दाखवली तर वरातीतील नाच अडखळतो; शेजारची दोन चित्रे एकमेकांत मिसळली तर हलत्या हाताला सावली फुटते; गतीचा अंदाज घेऊन मधले चित्र रचणारी रीत सर्वांत चांगली, पण वेळखाऊ. त्यातच कॅमेऱ्याचे एकेक चित्र दोन निरनिराळ्या क्षणी टिपलेल्या सम आणि विषम रेषांचे असल्यामुळे त्या नीट वेगळ्या न करता आकार बदलला, तर कडा फणीच्या दातांसारख्या दिसू लागतात. शिवाय एनटीएससी तबकडीवर ध्वनी डॉल्बी किंवा पीसीएम प्रकारचा असावा लागतो. पॅल तबकडीवर चालून जाणारा एकटा एमपेग ध्वनी तेथे पुरत नाही. म्हणून रूपांतर आधीच आवळलेल्या डीव्हीडीवरून न करता, शक्य तोवर कॅमेऱ्याच्या मूळ फितीवरून करून घ्यावे.

गैरसमज : पॅलमध्ये सारेच चार टक्के वेगाने पळते.

वस्तुस्थिती : हे चित्रपटापुरते खरे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी टिपलेला असतो. तो २५ ने दाखवला, की १५० मिनिटांचा खेळ १४४ मिनिटांत संपतो आणि, दुरुस्ती न केल्यास, आवाजही थोडा चढतो. लग्नाचे चित्रण मुळातच २५ चित्रांचे असल्याने त्याला ही बाधा नाही, आणि रूपांतरानंतरही त्याची लांबी बदलता कामा नये.

गैरसमज : परदेशी धाडायची प्रत्येक तबकडी बदललीच पाहिजे.

वस्तुस्थिती : संगणकाला दोन्ही मोजमापे सारखीच, तेथे रूपांतराची गरज नाही. पॅल मुलखात विकले जाणारे बहुतेक डीव्हीडी प्लेअर एनटीएससी तबकडीही वाचतात, अमेरिकेतील पुष्कळसे मात्र पॅल नाकारतात. आणि प्लेअरने वाचली तरी टीव्हीने ५० आवर्तनांचे चित्र स्वीकारावे लागते. या विषमतेमुळेच आपल्या निर्मात्यांनी पुष्कळ हिंदी चित्रपटांच्या तबकड्या एनटीएससी मोजमापात आणि प्रदेशबंदीविना काढल्या, जेणेकरून एकच माल दुबई आणि न्यू जर्सी या दोन्ही बाजारांत खपावा.

तेव्हा धाकटीला आधी प्लेअर आणि टीव्ही यांच्या माहितीपुस्तिकेत ‘पॅल’ हा शब्द आहे काय, एवढे पाहावयास सांगावे. असेल तर आहे तीच तबकडी धाडावी; नसेल तर संगणकावर पाहण्याचा मार्ग सुचवावा; आणि तोही गैरसोयीचा ठरला, तरच रूपांतराचा खर्च करावा, मात्र मूळ फीत आणि पॅलची प्रत पुसून टाकू नये, कारण रूपांतरात गमावलेला तपशील उलट रूपांतराने परत मिळत नाही.