परदेशवारी आणि खिशातला फोन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, जळगाव-धुळ्याच्या माणसाला आता परदेश अनोळखी राहिलेला नाही. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जातं, कुणी हजला, कुणी पशुपतिनाथाला. केळीचे व्यापारी आखातात जातात, शेतकरी ठिबक पाहायला इस्राएलला जाऊन येतात. जाताना कळण्याचं पीठ, मसाला, औषधं सगळं आठवणीने भरलं जातं. फोनची तयारी मात्र विमानतळावर पोचल्यावर सुरू होते, आणि घाईत केलेला सौदा महागच पडतो. माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. निवृत्तीनंतरही अशा प्रवाशांचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो, तेच आज आपल्याला सांगतो.

आधी रोमिंग म्हणजे काय ते पाहू. खान्देशच्या माणसाला ते पटकन कळतं, कारण नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा हे एक मंडळ, गुजरात दुसरं, मध्य प्रदेश तिसरं. त्यामुळे एके काळी शिरपूरहून सेंधव्याला किंवा रावेरहून बऱ्हाणपूरला गेलं, की आलेल्या फोनचेही पैसे कापले जात. देशातला हा जाच २०१५ ते २०१७ या काळात संपत गेला. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमध्ये येणारे फोन मोफत केले, पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. योगायोग असा, की १५ जून याच तारखेला, २०१७ साली, युरोपीय संघानेही आपल्या सदस्य देशांमधलं रोमिंगचं जादा शुल्क काढून टाकलं. भारतातून बाहेर पडणाऱ्याला मात्र ते शुल्क आजही आहे.

ते का पडतं? तुमचा फोन परदेशात सुरू झाला, की तिथल्या टॉवरला हाक मारतो. तिथली कंपनी तुमच्या भारतातल्या कंपनीला विचारते, हा गिऱ्हाईक तुमचाच ना, याचे पैसे तुम्ही देणार ना? होकार आला की सेवा सुरू होते. म्हणजे पाहुण्या कंपनीचा दर, त्यावर आपल्या कंपनीचा दर, असा दुहेरी हिशेब होतो. समजा पॅक न घेता एका एमबीला ३ रुपये पडले. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, म्हणजे ३०७२ रुपये झाले. नातवाचा २० एमबीचा व्हिडिओ पाहिला की ६० रुपये गेले. शिवाय आपण फोनला हात लावला नाही तरी आतले कार्यक्रम स्वतःला अद्ययावत करत असतात, फोटो साठवणीला पाठवत असतात. पोस्टपेड बिल फुगतं ते बहुधा अशा न दिसणाऱ्या खर्चाने.

यावर मार्ग तीन. पहिला, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक. नंबर तोच राहतो, भाषेची अडचण नाही, घरी बसून घेता येतो. चार-आठ दिवसांच्या प्रवासाला तो सोयीचा. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. जाणार तो देश यादीत आहे का, दिवस कसा मोजतात, आणि डेटा संपल्यावर पुढे काय होतं, बंद पडतो की महाग दराने चालू राहतो. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क उपग्रहावरून येतं. त्याचा दर वेगळा असतो, म्हणून तिथे फोन फ्लाइट मोडवरच बरा.

दुसरा मार्ग, त्या देशातलं सिम कार्ड. मुक्काम लांबला तर हेच सहसा स्वस्त पडतं. त्यासाठी अनेक देशांत पासपोर्ट दाखवावा लागतो. सौदी अरेबियात बोटाचा ठसाही घेतात. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा गावातल्या दुकानात दर अनेकदा कमी असतो.

तिसरा मार्ग, ई-सिम. हे हातात धरण्याचं कार्ड नाही. फोनच्या आत बसवलेल्या चिपमध्ये इंटरनेटवरून कंपनीची माहिती उतरवून घ्यायची, एक चौकोनी कोड स्कॅन केला की झालं. हे घरच्या वाय-फायवर बसून निघण्याआधी करता येतं. अट एकच, फोनमध्ये ती सोय हवी. प्रवाशांसाठीच्या ई-सिममध्ये बहुधा फक्त डेटा मिळतो, बोलण्यासाठी नंबर मिळत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आता कुणी काय करावं? पशुपतिनाथाला जाणाऱ्यांची एक गंमत असते. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, म्हणून तो परदेश वाटतच नाही. फोनला मात्र ते समजत नाही. सीमा ओलांडली की त्याच्या लेखी परदेश सुरू होतो. युरोपच्या सहलीला एका सदस्य देशाचं सिम इतर सदस्य देशांतही चालतं. पण आपल्या सहलींत हमखास असणारं स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि ब्रिटनही बाहेर पडलेलं आहे. पॅकमध्ये हे दोन्ही देश आहेत का ते पाहून घ्यावं. अमेरिकेत लेकीकडे जाणाऱ्यांनी तिच्याच कुटुंब-योजनेत एक जोडणी वाढवता येते का हे तिला आधी विचारावं.

आखातात आणखी एक खोच आहे. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीत, स्थानिक सिमवर व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जातात, पण त्यावरून बोलणं होत नाही. तिथे परवाना असलेल्या ठराविक अ‍ॅपवरूनच बोलता येतं. चीनमध्ये तर स्थानिक सिमवर गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडतच नाही. रोमिंगमधला डेटा मात्र बहुधा आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो, त्यामुळे भारतीय सिमवर चीनमध्ये या गोष्टी सहसा चालतात. स्वस्त सिम घेण्याआधी त्यावर आपलं काम होणार का, हे पाहावं ते यासाठी.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. परदेशी सिम टाकलं म्हणून भारतीय सिम पाकिटात टाकून विसरू नका. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही, तर नियमाप्रमाणे तो बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांचं असंच झालं. मुलाकडे पाच महिने राहून परतले तेव्हा नंबर बंद. पेन्शनचं खातं, आधार, गॅस, सगळं त्याच नंबरला जोडलेलं. ओटीपी येईना, पैसे काढता येईनात. नंबर बदलून घेण्यासाठी बँकेत आणि आधार केंद्रात चकरा मारता मारता महिना गेला, तोही त्यांच्या वयात. म्हणून निघण्याआधी लांब मुदतीचं रिचार्ज करावं. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, ३६५ दिवसांपर्यंतचे पॅक देण्यास सांगितलं. ज्यांना इथल्या डेटाची गरज नाही, त्यांना असा पॅक पुरतो. त्याबरोबर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय सुरू करून ठेवावी. मग परदेशात ओटीपीचा एसएमएस येतो, आणि येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. बँकेत ईमेलही नोंदवून ठेवावा.

फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर भारतीय सिम एका जागी ठेवा, त्याचं डेटा रोमिंग बंद करा, आणि डेटा दुसऱ्या सिमवरून घ्या. एक सिम अडलं की आपोआप दुसऱ्याचा डेटा वापरण्याची सोय काही फोनमध्ये असते, तीही बंद हवी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं थांबवा. जाणार त्या शहराचा नकाशा घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्या. व्हिडिओपेक्षा नुसत्या आवाजावर बोलायला डेटा फार कमी लागतो, म्हणून चेहरा पाहायचा तो मुक्कामाच्या वाय-फायवर. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या मोफत वाय-फायवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

आणि शेवटचं. फोन हरवतो, बॅटरी संपते. मुलाचा नंबर, राहण्याचा पत्ता, भारतीय दूतावासाचा आणि आपल्या फोन कंपनीचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टबरोबर ठेवावा. त्या कागदाला रोमिंग लागत नाही.