परवलीच्या शब्दाची गोष्ट

मित्रांनो, तुमच्या घरात कुलपं किती आहेत, मोजा पाहू. दाराचं एक, कपाटाचं एक, सायकलचं एक, फार तर आजीच्या ट्रंकेचं एक. आणि पासवर्ड किती? आईचा फोन, बाबांची बँक, ताईचा ई-मेल, तुमचा खेळ... बोटं पुरणार नाहीत! कुलूप घेताना आपण ते दुकानातच ओढून पाहतो. पासवर्ड मात्र घाईघाईत सुचेल तो ठेवतो आणि मोकळे होतो.

पहाऱ्यावरच्या शिपायानं परवलीचा शब्द विचारायचा, ही रीत फार जुनी. संगणकाला ती लागली १९६० नंतरच्या वर्षांत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सोय केली. मग एकाच्या फायली दुसऱ्याच्या हाती पडू नयेत, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. वापराची वेळही ठरवून दिलेली, रेशनच्या साखरेसारखी.

तिथे ॲलन शेर नावाचा एक संशोधक होता. त्याला मिळालेली वेळ त्याच्या कामाला पुरेना. त्यानं १९६२ साली काय केलं? सगळ्यांचे पासवर्ड ज्या फाइलमध्ये होते, ती फाइल छापून द्यावी अशी सूचना त्यानं संगणकालाच दिली. संगणकानं ती मुकाट्यानं छापली! मग दुसऱ्यांच्या नावानं आत शिरून शेरनं आपलं काम पुरं केलं. त्यानं हे कबूल केलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी. आता सांगा, त्याला चोर म्हणायचं का? त्यानं पैसे घेतले नाहीत. पण जी वेळ त्यानं वापरली, ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची होती. शिवाय ती यादी त्यानं आणखी काही जणांना देऊन टाकली, आणि पुढे ते तिचं काय करतील हे त्याच्या हातात उरलं नाही. मला विचाराल, तर मोठी चूक ती.

या गोष्टीतली खरी गोम वेगळीच आहे. पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवलेलेच का होते? यावरचा उपाय समजायला पिठाच्या गिरणीत जाऊ या. ज्वारी दळली की पीठ होतं. पिठाची पुन्हा ज्वारी होते का? नाही ना! चांगली संकेतस्थळं तुमचा पासवर्ड असाच 'दळतात' आणि फक्त पीठ जपून ठेवतात. तुम्ही पासवर्ड टाईप केलात की तो पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं जुळतात का ते पाहायचं. या दळण्याला 'हॅशिंग' म्हणतात. म्हणूनच पासवर्ड विसरलात, तर चांगलं संकेतस्थळ तुम्हाला नवा करायला लावतं. जुना त्यालाही ठाऊक नसतो. एखाद्यानं तुमचा जुनाच पासवर्ड ई-मेलनं पाठवून दिला, तर समजा, तिथे गिरणीच नाही!

'रॉकयू' नावाच्या अमेरिकी कंपनीकडे ही गिरणी नव्हती. २००९ च्या डिसेंबरात तिच्याकडचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, तेही जसेच्या तसे. त्यात सगळ्यांत लाडका पासवर्ड कोणता निघाला? १२३४५६! जवळजवळ दोन लाख नव्वद हजार लोकांचा तोच.

बरं, पीठच चोरलं तर? चोर अंदाजानं एकेक दाणा दळून पाहतो. त्याचा संगणक सेकंदाला शंभर कोटी अंदाज करतो असं धरा. इंग्रजीतली आठ छोटी अक्षरं कशीही निवडली, तर २०,८८२ कोटी शब्द होतात. साडेतीन मिनिटांत खलास! बारा अक्षरांना मात्र तीन वर्षं लागतात आणि सोळा अक्षरांना तेरा लाखांवर वर्षं. चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी भारी पडते ती अशी.

पण जन्मतारीख ठेवलीत, तर हे गणित कोसळतं. आठ आकडे म्हणजे दहा कोटी पर्याय, असं आपल्याला वाटतं. पण शंभर वर्षांत तारखा असतात अवघ्या ३६,५२५. शिवाय तुमच्या वर्गातल्या मुलाला तुमचं वर्षही ठाऊक असतं. मग उरले ३६५. त्यातून तुम्ही वाढदिवसाला चॉकलेटं वाटलेली!

वर्गावरून आठवलं. 'खरी मैत्रीण असशील तर पासवर्ड सांग' असं कुणी म्हणालं, तर खुशाल नाही म्हणा. डबा वाटून खायचा असतो, टूथब्रश नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. फोनवर येणारा ओटीपी हाही परवलीचाच शब्द. तो बँकेचा म्हणवणाऱ्या काकांनाही सांगायचा नाही. आणि पैसे *मिळवायला* यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे आजोबांना आजच सांगा. फसगत झालीच, तर लगेच १९३० हा क्रमांक लावायचा. रागावतील म्हणून गप्प बसलात, तर तेवढ्या वेळात पैसे पुढे सरकतात.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मुलांच्या फोनमध्ये काय पाहणार, ते त्यांना आधी सांगून पाहा. चोरून पाहिलंत, तर तीही लपवायला शिकतील.

आता एक उद्योग. घरातला शब्दकोश घ्या, डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा. असे पाच शब्द काढा आणि इंग्रजी अक्षरांत लिहा. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही हं! कोशात दहा हजार शब्द असले, तर आपल्या त्या चोराला सगळ्या जोड्या तपासायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. पाचही शब्द गुंफून एखादं वेडंवाकडं चित्र मनात आणा, म्हणजे पाठ होतील. तोवर वहीत लिहून कपाटात ठेवलंत तरी चालेल. दूर देशातल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. फक्त ती वही दप्तरात नको.