डोंगर चढताना मोबाइल न्यावा का?

नवरात्र आले की अकोले-इगतपुरीकडच्या गावांतून बायका कळसूबाईच्या दर्शनाला निघतात. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर, राज्यातले सर्वांत उंच. बारी गावातून चढायचे, वाटेत लोखंडी शिड्या. अशा वेळी गटांतून एक प्रश्न येतोच: मोबाइल बरोबर घ्यावा, की देवीच्या दारी तेवढीच कटकट नको?

आमचे मत, घ्यावा. पण त्याच्या भरवशावर उशिरा निघू नये आणि एकटीने तर मुळीच जाऊ नये.

कारण डोंगरात रेंजचे काही खरे नसते. टॉवर आणि आपण यांच्यामध्ये कडा आला की फोन मुका. उघड्या धारेवर, जिथून खालची गावे दिसतात, तिथे रेंज मिळण्याची शक्यता जास्त. घळीत, ओढ्यात कमी. आणि रेंज नसली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो, त्यातच बॅटरी संपते. सकाळी पूर्ण भरलेला फोन दुपारी बंद पडतो तो असा. म्हणून चढताना फोन बंद ठेवा किंवा विमानाच्या खुणेचे बटण दाबून ठेवा. पाच-सहा जणी असाल तर एकीचा फोन फोटोला आणि एकीचा अडचणीसाठी राखून. राखलेला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्याच्या आत किंवा पिशवीच्या तळाशी. नात ज्याला हसते तो बटणांचा जुना फोन इथे फार कामाचा, त्याची बॅटरी दिवसच्या दिवस टिकते.

पाय मुरगळला, कोणी पडले, तर ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागू शकतो. फोन लागत नसेल तर मेसेज करून पाहा. बोलणे होत नाही एवढ्याशा रेंजवरही मेसेज कधी कधी निघून जातो. तोही घरच्यांना, गावातल्या माणसाला करा. नुसते 'लवकर या' नको. कोणत्या गावातून चढलो, कितवी शिडी ओलांडली, कोणाला काय झाले, किती जणी आहोत, एवढे लिहा. मोठ्या पडद्याच्या फोनला आपली जागा उपग्रहावरून कळते, त्याला रेंज लागत नाही. नकाशात आपल्या ठिकाणावर बोट दाबून धरले की आकडे दिसतात, तेही मेसेजमध्ये घाला. निघण्याआधी घरी एकदा करून पाहा, डोंगरावर शिकायला वेळ नसतो.

मात्र मदत पायीच येते. फोन लागला तरी माणसे वर पोचायला तास जातात. तोवर जखमी बाईला ऊब द्या, तिला एकटी सोडू नका. रेंज शोधायला जायचेच तर दोघींनी मिळून, उजेड असताना.

आता आपल्या घरची गोष्ट. पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो असतो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. त्या दिवसापुरता तो मागून घ्या. कुलूप कसे उघडते हे आणखी दोघींना ठाऊक हवे, कारण पडणारी बाई फोनवालीच असू शकते. नंबर कागदावर लिहून घ्या. फोन बंद पडला की त्यातले नंबरही गेले. आणि खाली एका माणसाला सांगून ठेवा: आम्ही अमुक वाटेने गेलो, पाचपर्यंत उतरलो नाही तर विचारपूस करा. फोन नसला तरी हे काम होते.

बरोबर एक शिट्टीही असू द्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा वेळा. डोंगरात मदत मागण्याची ही खूण गिर्यारोहक ओळखतात. आपल्या गावातल्या पोरांनाही सांगून ठेवा, म्हणजे ऐकली की त्यांना कळेल.